हिरवेपणा हाच पुरावा

पाणीटंचाईचा आदेश निघाला तेव्हा सगळ्या गावाच्या तोंडचं पाणी पळालं. खुशीत होते ते एकटे नाना. दुष्काळात माणसाने खूश होऊ नये हे त्यांनाही कळत होतं. पण बत्तीस वर्षं कचेरीत काढून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेल्या आणि पुढची चार वर्षं दुधाच्या पिशवीवरचा मजकूर वाचून दिवस ढकलणाऱ्या माणसाच्या हातात एकदम अकरा कलमांचा, पोटकलमांसकट, जावक क्रमांक घातलेला आदेश पडला, तर त्याने करायचं तरी काय? नानांनी तो उभ्याने एकदा वाचला, बसून दोनदा वाचला आणि चौथ्या वाचनाला लाल पेन्सिल घेतली.

"चौथ्या कलमात क्रियापद राहिलंय," ते म्हणाले.

"पाणी राहतंय का ते बघा," स्वयंपाकघरातून आवाज आला. हा नानांच्या बायकोचा. सगळी गल्ली त्यांना काकू म्हणते, आपणही काकूच म्हणू.

आदेश तसा सोपा होता. पाणी तिसऱ्या दिवशी, तेही एक तास. गाड्या धुवायच्या नाहीत, अंगण धुवायचं नाही, झाडांना नळाचं पाणी घालायचं नाही. नळाला जोडलेली रबरी नळी घराबाहेर दिसता कामा नये. जो मोडेल त्याचं नळकनेक्शन तीन आठवडे बंद. नानांनी आदेश दारामागे चिकटवला आणि सरळ खिडकीशी जाऊन शेजारच्या दातांच्या डॉक्टरांची हिरवळ बघत उभे राहिले.

त्या हिरवळीवर नानांचा राग होता. कारण विचाराल तर सांगण्यासारखं नव्हतं, पण न सांगून आपलं चालायचं नाही. नानांची कवळी याच डॉक्टरांनी केलेली. ती सैल होते अशी तक्रार घेऊन नाना गेले, तेव्हा डॉक्टर भरल्या दवाखान्यात म्हणाले, "नाना, कवळी ठीक आहे. तुम्ही बोलता फार." बाकड्यावरची सहा माणसं हसली. सहाही जणांच्या गालाला सूज होती, तरी हसली. तेव्हापासून डॉक्टरांच्या अंगणात नळीने पाणी उडायला लागलं की नानांच्या हिरड्या दुखत.

त्याच दुपारी नाना जेवणाच्या टेबलावर मसुदा करायला बसले. त्यांच्या मसुद्याचा कचेरीत दबदबा होता. साधी किरकोळ रजा मागितली तरी वाचणाऱ्याला आपलंच काहीतरी चुकलंय असं वाटे. तर त्यांनी पाणी खात्याला तक्रार लिहिली. तिचा शेवट असा होता: 'सबब, सदर गल्लीतील जे झाड अगर गवत आदेशानंतर तीन आठवड्यांनीही हिरवे आढळेल, त्याचा हिरवेपणा हाच पुरावा मानण्यात यावा. एकट्या घराचे कनेक्शन तोडल्याने धाक बसत नाही, असा अनुभव आहे. संपूर्ण गल्लीचा पुरवठा खंडित केल्यास शेजारी शेजाऱ्यावर लक्ष ठेवील. कळावे, एक जागरूक नागरिक.' खाली सही करता येत नाही एवढीच चुटपुट त्यांना लागली. चित्रकाराने एवढं चित्र काढायचं आणि कोपरा रिकामा सोडायचा तसं झालं. कागद त्यांनी पाणी खात्याच्या दारातल्या पेटीत टाकला आणि घरी येऊन दोन तास गाढ झोपले.

संध्याकाळी उठून बघतात तर डॉक्टर नळी गुंडाळत होते.

"संपलं नाना," डॉक्टर कुंपणापलीकडून म्हणाले. "माणसांना नाही तिथे गवताला कसलं पाणी? जाऊ दे वाळून." आणि खरोखरच आठ दिवसांत ती हिरवळ पायपुसण्यासारखी झाली. नानांना आनंद व्हायला हवा होता. पण ज्याच्यावर दात धरावा त्यानेच असं शहाण्यासारखं वागावं, यात काही मजा राहत नाही.

आता लिंबाचं ऐका, कारण खरा जीव तिथे अडकला होता. कुंपणाजवळ काकूंचं एक लिंबाचं झाड होतं. लेक पाचवीत असताना तिने सरबतातली बी मातीत खुपसली होती. लेक शिकली, लग्न होऊन दूरच्या शहरात गेली, आणि दर रविवारी फोनवर आधी झाडाची चौकशी करी, मग आईबापाची. चौदा वर्षं त्या झाडाने काट्यांशिवाय काही दिलं नव्हतं. यंदा पहिल्यांदा नऊ लिंबं धरली, आणि लेक महिनाभराने चार दिवस राहायला येणार होती. पाणी तुटल्यावर पहिल्या आठवड्यात सात लिंबं गळाली आणि पानं मिटून बसली.

काकू रोज परातीत उभ्या राहून अंघोळ करत आणि ते पाणी बादलीने झाडाला नेत. गुडघे धरून, चार पायऱ्या चढून. पाचव्या दिवशी त्या पायरीवरच बसल्या.

"हे झाड गेलं तर पोरीला फोनवर तुम्ही सांगायचं," त्या म्हणाल्या. "मी सांगणार नाही. मला नाही जमायचं ते."

नाना एरवी बायकोच्या बोलण्यावर निदान तीन मुद्दे काढत. या वेळी एकही निघाला नाही. त्यांना मनापासून वाईट वाटलं. पण वाईट वाटलं म्हणून बादली उचलायची, इतका सरळ विचार हेडक्लार्कला सुचत नाही. "ही धावपळ झाली," ते म्हणाले. "आपण व्यवस्था करू."

व्यवस्था म्हणजे काय, तर न्हाणीघरातून थेट झाडापर्यंत नळी. अंघोळ इकडे, पाणी तिकडे, मधे माणूस नाही. नाना प्लंबरला घेऊन आले. प्लंबरने न्हाणीघर बघितलं, झाड बघितलं, आणि मधल्या चार पायऱ्या मोजल्या.

"झाड वर आहे, तुम्ही खाली आहात," तो म्हणाला.

"मग?"

"मग पाणी चढणार कसं? त्याला काय तुमचं पत्र द्यायचं?"

समोरच्या घरातले ड्रिलमास्तर तोपर्यंत येऊन उभे होते. शाळेतून निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी गळ्यात शिट्टी. कुठेही टिकाव नाहीतर पाना वाजला की हे हजर. "सोपं आहे," मास्तर म्हणाले. "झाड खाली आणता येत नाही ना? मग नानांना वर घ्या."

विनोद म्हणून बोललेल्या गोष्टीवर अंमल करायचा नसतो, हे प्लंबरला कोणी शिकवलं नव्हतं. दोन दिवसांत न्हाणीघरात विटांचा छातीएवढा चौथरा उभा राहिला. त्यावर पत्र्याची पसरट टाकी, टाकीला भोक, भोकाला जोड. चढायला स्टूल. हे करताना प्लंबरची छिन्नी भिंतीतल्या नळात घुसली आणि त्या दिवशी गच्चीवरच्या टाकीत भरलेलं तीन दिवसांचं पाणी पाच मिनिटांत गटारात गेलं. नाना नळावर बोट दाबून उभे राहिले आणि दुसऱ्या हाताने प्लंबरला त्याच्या जबाबदारीची जाणीव करून देत होते. तेवढ्यात दारात डॉक्टर आले. दोन्ही हातांत एकेक भरलेली बादली.

"आमच्याकडे आहे जास्तीचं," डॉक्टर म्हणाले. ते खोटं होतं. कोणाकडेच जास्तीचं नव्हतं. "आणि नळी विकत आणू नका. माझी पडूनच आहे."

नानांनी बादल्या घेतल्या, पण मान काही वर केली नाही. त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही. कवळी सैल आहे असं कारण त्यांनी सांगितलं.

नळी न्हाणीघराच्या झरोक्यातून बाहेर काढली आणि अंगणातून झाडापर्यंत नेली. व्यवस्था पूर्ण झाली. आता एक गोष्ट कोणाच्या ध्यानात आली नव्हती. चौथऱ्यावर उभं राहिलं की नानांचं डोकं बरोबर झरोक्यात येत होतं. पहिल्या दिवशी डोक्याला साबण लावून त्यांनी डोळे उघडले, तर समोर ड्रिलमास्तर.

"नमस्कार," मास्तर म्हणाले. "पाण्याचा दाब कसा आहे?"

गल्लीला सवय झाली. सकाळी आठला नानांचं डोकं झरोक्यात दिसलं की लोक घड्याळं लावायला लागले. भाजीवाली तर तिथेच थांबून काय पाहिजे ते विचारून जाई. बत्तीस वर्षांच्या सेवेत ज्या माणसाने टाय सैल केला नव्हता, त्याला फेसाळ डोक्याने दुधी नको म्हणून सांगावं लागत होतं. पण लिंबाने मान वर केली. पानं उघडली, नवी पालवी आली, उरलेली दोन लिंबं टपोरी झाली. काकू येता जाता झाडाला हात लावून जात. तिसऱ्या आठवड्याच्या सुरुवातीला नाना अभिमानाने अंगणात उभे राहिले आणि त्यांनी गल्लीवरून नजर फिरवली. डॉक्टरांचं गवत करपलेलं. मास्तरांच्या कुंड्यांत काटक्या. कोपऱ्यावरच्या घराची वेल दोरीसारखी. अख्ख्या गल्लीत एकच झाड हिरवं होतं, आणि ते नानांचं होतं.

आणि त्यांना स्वतःचंच वाक्य आठवलं. हिरवेपणा हाच पुरावा.

त्यानंतर नाना एका जागी बसले म्हणून नाहीत. जीप वाजली की खिडकीत, सायकल वाजली की दारात. आदेशात पळवाट सापडते का म्हणून त्यांनी तो दारामागून सोलून काढला, आणि शेवटी बगलेत फाइल मारून पाणी खात्यात गेले. तिथे टेबलामागे एक बाई होत्या. समोर तक्रारींचा ढीग, आणि ढिगावर पेपरवेट म्हणून एक तुटकी तोटी.

"वापरलेलं पाणी नळीने झाडाला घालायची परवानगी हवी," नाना म्हणाले.

"वापरलेलं पाणी आदेशात नाही."

"म्हणजे परवानगी आहे?"

"आदेशात नाही त्याला परवानगी कशी देणार?"

"मग बंदी आहे?"

"आदेशात नाही त्याला बंदी कशी घालणार?"

नाना क्षणभर भारावून बघत राहिले. इतकं स्वच्छ उत्तर त्यांनीही सेवेत कधी दिलं नव्हतं. बाईंनी मार्ग सुचवला. पाण्याचा नमुना बाटलीत आणा, प्रयोगशाळा पाणी वापरलेलं असल्याचा दाखला देईल. नानांनी दुसऱ्या दिवशी नमुना दिला, वर चिठ्ठी: 'अंघोळ करणाराचे नाव, वय, साबणाची वडी कितवी.' चौथ्या दिवशी अहवाल आला. पाणी नळाच्या पाण्यापेक्षा स्वच्छ आढळल्यामुळे ते वापरलेले असल्याचे मानता येत नाही.

"नळाला गाळ येतोय सध्या," बाई म्हणाल्या. "तुम्ही गाळून घेत असाल."

"गाळतो. पण मग अंघोळ करतो हो."

"अहवालात तसं दिसत नाही."

रांगेतल्या माणसांनी नानांकडे जरा अंतर ठेवून बघितलं. हा घाव त्यांनी गिळला, कारण मुख्य काम पुढेच होतं. त्यांनी आवाज खाली आणला. "एक निनावी तक्रार आली असेल तुमच्याकडे, आमच्या गल्लीबद्दल. ती मागे घेता येते का?"

"आलीये. साहेबांना फार आवडली. 'शिफारस योग्य' असा शेरा मारलाय वर." बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "मागे घ्यायला तक्रारदाराची सही लागते. तुम्हीच का ते?"

नानांपुढे तीन अक्षरं लिहायची जागा होती. लिहिली असती तर विषय तिथेच मिटला असता. पण त्यांच्या डोळ्यांपुढे बाकड्यावरची ती सुजलेल्या गालांची माणसं आली. "छे," ते म्हणाले. "मी आपला एक हितचिंतक." आणि बाहेर पडले. घरी येईपर्यंत ते स्वतःला शिव्या देत होते, त्याही पुल्लिंगी, एकवचनी आणि रीतसर.

शुक्रवारी सकाळी आठला नाना चौथऱ्यावर होते. डोक्याला, तोंडाला, सगळीकडे साबण. बादलीत दोन तांबे पाणी उरलेलं. तेव्हा जीप आली. डोळ्यांत फेस गेल्यामुळे त्यांना दिसत नव्हतं, पण आवाज ओळखू आला. त्याच बाई.

गल्ली गोळा झाली. तक्रार उपस्थितांना वाचून दाखवायची पद्धत असते, म्हणून बाईंनी ती मोठ्याने वाचली, पहिल्या 'सविनय'पासून शेवटच्या 'कळावे'पर्यंत. चौथऱ्यावर नाना भिंतीला टेकले. आपल्याच मसुद्याला इतकी शांतता पहिल्यांदाच मिळत होती, आणि त्यांना तिथल्या तिथे विरघळून टाकीच्या भोकातून जावंसं वाटत होतं.

"झाड हिरवं आहे," बाई म्हणाल्या. "वर नळी. आज बारा वाजल्यापासून गल्लीचा पुरवठा तीन आठवडे बंद."

"अहो, माझे वडील नव्वद वर्षांचे आहेत," ड्रिलमास्तर म्हणाले. त्यांचा आवाज एवढा खाली कोणी ऐकला नव्हता. "अंथरुणावर आहेत. दिवसातून तीनदा चादर बदलावी लागते."

काकू पुढे आल्या. "बाई, झाडाला नळाचा थेंब घातलेला नाही. हे अंघोळीचं पाणी आहे."

"प्रयोगशाळा तसं म्हणत नाही."

"प्रयोगशाळेला कशाला विचारता? माणूस आत आहे." काकूंनी झरोक्याकडे तोंड केलं. "अहो, एक तांब्या ओता."

नानांनी ओतला. सगळी गल्ली लिंबाभोवती वाकून उभी राहिली. नळी गुरगुरली, आणि तिच्या तोंडातून पांढराशुभ्र फेस बुडख्यावर सांडला. बाईंनी बोटावर घेऊन वास घेतला.

"साबण आहे," त्यांनी फाइलमध्ये लिहिलं. "झाड निर्दोष. पण तक्रार जिवंत आहे. तिच्यावर साहेबांचा शेरा आहे. तक्रारदाराने समाधान झाल्याची सही केल्याशिवाय मला फाइल बंद करता येत नाही. आणि फाइल उघडी, तर पुरवठा बंद."

"निनावी माणूस बारा वाजेपर्यंत आणायचा कुठून?" डॉक्टर म्हणाले.

नानांनी डोळे पुसायचा प्रयत्न केला, तर आणखी साबण गेला. खरं तर पळायला ही जागा उत्तम होती. चेहरा फेसात, अंग भिंतीआड, कोणाला काही कळायचं नाही. पण मास्तरांचा तो खाली गेलेला आवाज कानातून जात नव्हता. आणि डॉक्टरांच्या दोन बादल्या. त्यांना स्वतःची लाज वाटली, खरीखुरी, कारणं न देता येणारी लाज.

"बाई," झरोक्यातून फेसाळ डोकं म्हणालं, "कागद इकडे वर द्या."

उंची डॉक्टरांचीच होती, म्हणून फाइल डॉक्टरांनी वर धरली. "पेन?" नाना म्हणाले.

"हे घ्या," काकू म्हणाल्या. त्यांच्या हातात ते तयारच होतं. "ज्याने लिहिलंत तेच आहे. जेवायच्या टेबलावर कार्बन घालून लिहिता, आणि वर वाटतं मला कळलं नाही."

नानांनी ओल्या हाताने सही केली. पूर्ण, लफ्फेदार, खाली दोन टिंबं. मग ते गल्ली काय बोलते याची वाट बघत उभे राहिले.

"'सबब' आला तेव्हाच कळलं होतं," मास्तर म्हणाले. "म्हटलं, बघू, स्वतःहून बोलतो का."

"मसुदा चांगला होता हो," बाई फाइल बांधत म्हणाल्या. "दुसऱ्या परिच्छेदात क्रियापद तेवढं राहिलंय. साहेबांनी लाल केलंय."

आजवरच्या सगळ्या अपमानांत नानांना हा सर्वांत खोल लागला. जीप गेली. माणसं पांगली. बादलीतला शेवटचा तांब्या एवढ्या साबणाला पुरणार नव्हता. डोळे चुरचुरत होते, आणि हाक कोणाला मारावी तेही सुचत नव्हतं. थोड्या वेळाने झरोक्याशी भांड्याचा आवाज झाला. डॉक्टरांनी आपल्या घरून भरलेली कळशी आणून वर धरली होती. नानांनी ती डोक्यावर ओतली, आणि ते पाणीही लिंबालाच गेलं.

दुसऱ्या दिवशी नानांनी प्लंबरला बोलावून चौथरा पाडला. परातीत उभे राहून अंघोळ केली, आणि बादली घेऊन चार पायऱ्या चढले. सोपं होतं. कंबर थोडी दुखली.

लेक आली त्या सकाळी काकूंनी दोन्ही लिंबं तोडली. एक लेकीच्या हातात दिलं. ती ते नाकाशी धरून कितीतरी वेळ नुसती उभी राहिली, आणि काकूंनी पदराने डोळे टिपले. दुसरं लिंबू त्यांनी नानांपुढे धरलं.

"डॉक्टरांना देऊन या. आणि सोबत पत्र नको."

नाना गेले. वाटेत, म्हणजे कुंपणापासून डॉक्टरांच्या दारापर्यंत, त्यांनी मनात चार मसुदे केले आणि चारही खोडले. दवाखान्यात बाकडं भरलेलं होतं. डॉक्टर बाहेर आले. नानांनी लिंबू पुढे केलं.

"चुकलं माझं," ते म्हणाले.

बाकड्यावरची माणसं बघत होती. डॉक्टर पुढच्या वाक्याची वाट बघत थांबले. पुढचं वाक्य आलंच नाही. मग त्यांनी लिंबू घेतलं, हातात फिरवून बघितलं आणि खिशात ठेवलं.

"नाना," ते म्हणाले, "एवढंच बोलत राहिलात तर कवळी घट्ट बसेल."